नाव शिशाचे, कूळ कोळशाचे

मराठी मुलाच्या जिभेवर शाळेच्या पहिल्याच वर्षी जे शब्द बसत, त्यांत ‘शिसपेन्सिल’ हा एक असे. पाटीवर लिहायची ती नुसती पेन्सिल आणि कागदावर लिहायची ती शिसपेन्सिल, हा भेद पाटी-दप्तराच्या काळात कोणाला समजावून सांगावा लागत नसे. पेन्सिल चोखणाऱ्या पोराला घरातली वडील माणसे हमखास दटावीत, “शिसं पोटात जाईल, विष असतं ते!” दटावणीचा हेतू उत्तम, पण तिच्यातले रसायनशास्त्र मात्र साफ चुकीचे. शिसपेन्सिलीत शिशाचा कणही नसतो. तिच्यात असते ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइट हा कोळशाचा सख्खा भाऊ, आणि कोळशाच्या नात्याने हिऱ्याचाही. ‘नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. येथे नेमके उलटे घडले आहे. घराणे हिऱ्याचे, आणि नाव मिळाले शिशाचे.

ही चूक आपल्या मराठीची नव्हे; ती आपण उसनी घेतली आहे. जर्मन लोक पेन्सिलीला ‘ब्लायश्टिफ्ट’, म्हणजे शिशाची काडी, म्हणतात. अरबीत ती ‘कलम रसास’, म्हणजे शिशाची लेखणी. चिनी आणि जपानी भाषांतही तिच्या नावात शिसे आहेच. इंग्रज तर पेन्सिलीतल्या काडीला अजून ‘लेड’च म्हणतो. निरनिराळ्या कुळांतल्या इतक्या भाषा एकाच ठिकाणी ठेचकाळल्या, तेव्हा त्या जागी दगड असलाच पाहिजे. तो दगड असा. प्राचीन रोमन लोक आणि त्यांच्यानंतरचे युरोपातील मठवासी लेखनिक कातड्याच्या पानावर ओळी आखण्यासाठी खऱ्याखुऱ्या शिशाची चकती किंवा काडी वापरीत. शिसे मऊ असते. घासले की फिकट करडी रेघ उमटते. पुढे तसाच, पण कितीतरी काळी रेघ काढणारा एक दगड सापडला, तेव्हा लोकांनी त्याला ‘काळे शिसे’ म्हटले. लॅटिनमधल्या शिशाच्या ‘प्लंबम’ या नावावरून पंडितांनी त्याचे ‘प्लंबॅगो’ असे बारसे केले आणि चुकीवर पांडित्याची मोहोर उमटली.

तो दगड सापडला इंग्लंडच्या वायव्येला, कंबरलँड परगण्यातल्या बॉरोडेल खोऱ्यात, सीथवेट नावाच्या वाडीजवळच्या डोंगरावर. काळ सोळाव्या शतकाचा. दंतकथा अशी सांगतात की, एका वादळात मोठे झाड मुळासकट उन्मळून पडले आणि मुळांखालून चकचकीत काळा दगड वर आला. धनगरांनी तो आपापल्या मेंढ्यांवर खुणा करायला घेतला. झाडाची गोष्ट खरी की खोटी, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मेंढ्यांची गोष्ट मात्र पटण्यासारखी आहे. त्या लोकांनी आपल्या बोलीत दगडाला ‘वॉड’ असे सुटसुटीत नाव दिले. त्यात ना शिसे होते, ना लॅटिन. अडाणी म्हटलेल्या धनगरांचे नाव निदान खोटे तरी नव्हते! १५६५ साली झुरिकच्या कॉनराड गेस्नर या पंडिताने खनिजांवर ग्रंथ लिहिला, त्यात लाकडी नळीत बसवलेल्या अशा एका लेखणीचे चित्र छापले आहे. पेन्सिलीचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते.

ग्रॅफाइट पुष्कळ देशांत सापडते. पण बॉरोडेलसारखे शुद्ध, सलग आणि करवतीने कापून काड्या पाडता येतील असे ढेकूळ तेव्हा दुसरीकडे कोठेही ठाऊक नव्हते. शिवाय लिहिण्यापेक्षाही मोठा असा त्याचा एक उपयोग होता. तोफेचे गोळे ओतायच्या साच्याला आतून ग्रॅफाइट चोपडले, तर गोळा गुळगुळीत आणि नेमका गोल निघे. मग काय विचारता! मेंढ्यांचा दगड राज्याच्या संरक्षणाचा विषय झाला. खाण वर्षांतून काही आठवडेच उघडायची, हवा तेवढा माल काढायचा आणि पुन्हा बंद करायची, अशी रीत पडली. कधी कधी तर ती वर्षानुवर्षे बंद असे. खाणीच्या तोंडाशी पहाऱ्याची इमारत उभी राहिली. मजूर बाहेर पडताना त्यांची अंगझडती होई. तरीही चोरी थांबेना. मूठभर वॉडला शहरात जी किंमत येई, ती त्या डोंगराळ, गरीब मुलखातल्या माणसाच्या मजुरीच्या मानाने फार मोठी होती. अखेर १७५२ साली ब्रिटिश पार्लमेंटाने खास या दगडासाठी कायदा केला. काळ्या शिशाची चोरी करणाऱ्याला सक्तमजुरी किंवा सात वर्षांची समुद्रापार हद्दपारी! ज्या डोंगरावर धनगर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारीत होते, तेथला एक खडा खिशात सापडला, तर घरदार सोडून अमेरिकेतल्या वसाहतींची वाट धरावी लागे. आपण ज्या पेन्सिलीचे तुकडे केराच्या टोपलीत टाकतो, तिच्या इतिहासात असेही एक पान आहे.

आता नावाकडे वळू. काळे शिसे म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तूंची खिचडी झाली होती. एक शिशाचे चकचकीत खनिज, दुसरे ग्रॅफाइट आणि तिसरे ग्रॅफाइटसारखेच मऊ, काळे दिसणारे आणखी एक खनिज. ही खिचडी निवडली स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्याने. ऑक्सिजनसकट कितीतरी पदार्थांचा शोध ज्याच्या नावावर आहे, तो हा माणूस एका लहानशा गावात दुकान चालवी आणि रात्री प्रयोग करी. १७७८ मध्ये त्याने तिसऱ्या खनिजातून एका नव्या धातूचे आम्ल वेगळे काढले. त्या धातूला ‘मॉलिब्डेनम’ म्हणतात. आणि मौज पाहा, हे नावसुद्धा शिशाच्या ग्रीक नावावरूनच आलेले आहे! पुढल्या वर्षी, १७७९ मध्ये, त्याने ग्रॅफाइट सोऱ्याबरोबर तापवून पाहिले. निघाला तो कोळसा जाळल्यावर निघणारा वायू. म्हणजे काळे शिसे हे शिसे नव्हे, धातूही नव्हे. तो कोळशाचाच एक अवतार.

दहा वर्षांनी, १७८९ साली, फ्रायबर्ग येथे खनिजशास्त्र शिकवणारे आब्राहाम गोटलोब वेर्नर यांनी या अनाथाला योग्य नाव दिले. ते ‘ग्राफिट’. ग्रीक भाषेत ‘ग्राफाइन’ म्हणजे लिहिणे; जो लिहितो तो दगड ग्राफिट. टेलिग्राफ, फोटोग्राफ, ऑटोग्राफ ही सगळी त्याच मुळाची फांदी. पण या क्रियापदाचा मूळ अर्थ लिहिणे हा नव्हे, तर ओरखडणे. आणि येथे एक सुरेख गोष्ट दृष्टीस पडते. आपला ‘लिहिणे’ हा शब्द संस्कृत ‘लिख्’ धातूपासून आला. त्याचाही मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे असाच आहे. संस्कृत काव्यातली लाजलेली नायिका पायाच्या नखाने भुई ‘लिहिते’, ती काही पत्र लिहीत नसते! ‘रेखा’ हा शब्दही त्याच घरातला. म्हणून आज अंगणात रांगोळी ‘रेखाटताना’ आपण तोच धातू चालवीत असतो. लॅटिनमधले लिहिणे, इंग्रजांचे ‘राइट’ यांचेही मूळ पाहिले, तर ओरखडाच निघतो. माणूस लिहायला शिकला तो आधी दगडावर, मातीवर, सालीवर ओरखडे काढून. शाईचे कौतुक नंतरचे. त्यामुळे एका ओरखडे काढणाऱ्या दगडाला वेर्नरसाहेबांनी हे नाव द्यावे, यासारखे दुसरे समर्पक बारसे मला तरी माहीत नाही.

‘पेन्सिल’ या शब्दाचे मात्र मूळ निराळेच. लॅटिनमध्ये ‘पेनिसिलम’ म्हणजे लहानशी शेपटी, म्हणजेच चित्रकाराचा बारीक कुंचला. कुंचल्याचे नाव काडीला मिळाले. ‘पेन’ हा शब्द पिसाच्या लॅटिन नावावरून आलेला. तेव्हा पेन आणि पेन्सिल यांचे नाते केवळ दिसण्यापुरते. उलट पेन्सिलीची खरी बहीण शोधायची, तर ती औषधाच्या दुकानात सापडते. पेनिसिलिन ज्या बुरशीपासून निघते, ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते, म्हणून तिलाही तेच नाव पडले. आणि खोडरबराचे काय? पूर्वी पेन्सिलीची रेघ पुसायला शिळ्या पावाचा गर वापरीत. १७७० साली जोसेफ प्रीस्टली याने लिहून ठेवले की, अमेरिकेतून आलेला एक चिकट पदार्थ रेघा छान घासून काढतो. इंग्रजीत घासणे म्हणजे ‘रब’. म्हणून तो पदार्थ झाला ‘रबर’. आज मोटारींच्या टायरांपासून पायातल्या चपलेपर्यंत सर्वत्र वावरणाऱ्या रबराचे नाव असे पेन्सिलीची चूक पुसता पुसता पडलेले आहे.

पेन्सिलीची दुसरी मोठी कथा फ्रान्समधली. १७९३ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले आणि बॉरोडेलचा माल फ्रान्सला मिळेनासा झाला. पेन्सिलीवाचून सेनापतींचे नकाशे अडले, अभियंत्यांचे आराखडे अडले. युद्धाचा कारभार पाहणाऱ्या लाझार कार्नोने निकोला-जाक काँते याला बोलावून सांगितले, इंग्रजी दगडावाचून चालेल अशी पेन्सिल काढ. काँते मूळचा चित्रकार, पुढे युद्धातल्या बलूनांच्या खटपटीत पडलेला. हायड्रोजनच्या स्फोटात त्याचा एक डोळा गेला होता. त्याने हलक्या प्रतीचे ग्रॅफाइट कुटून पूड केली, ती धुतली, चाळलेल्या मातीत कालवली, पाण्याने मळून काड्या केल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. थोडक्यात, त्याने पेन्सिल कुंभाराच्या हवाली केली! १७९५ साली त्याला या कृतीचे पेटंट मिळाले. गंमत अशी की, अडचणीतून निघालेला हा तोडगा अस्सल मालाहून सरस ठरला. दगड जसा निघेल तसा घ्यावा लागतो; मळलेल्या काडीत मात्र माती वाढवली की रेघ कठीण आणि फिकी होते, कमी केली की मऊ आणि काळी. दुकानात आपण एचबी किंवा टूबी मागतो, ते मातीचे प्रमाण मागत असतो. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळी. जगभरच्या पेन्सिली आजही मुळात काँतेच्याच कृतीने होतात. बॉरोडेलची खाण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली.

अमेरिकेत काँक्रड गावी थोरो नावाच्या कुटुंबाचा पेन्सिलींचा कारखाना होता. घरचा मुलगा हेन्री याने ग्रॅफाइट अधिक बारीक दळण्याची आणि मातीत मिसळण्याची रीत सुधारली आणि थोरोंच्या पेन्सिली अमेरिकेतल्या उत्तम पेन्सिलींत गणल्या जाऊ लागल्या. हाच तो हेन्री डेव्हिड थोरो, ज्याचा कायदेभंगावरचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला. रानावनातल्या सफरीला काय काय सामान न्यावे, याची त्याने एक बारीकसारीक यादी करून ठेवली आहे. तिच्यात सुया-दोऱ्यापर्यंत सारे आहे. पेन्सिलीचे नाव नाही. घरच्या वस्तूची किंमत घरच्याला नसते म्हणतात, ते असे.

बोहेमियातल्या हार्टमुट कंपनीने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या सुमारास पिवळ्या रंगाची एक उंची पेन्सिल बाजारात आणली आणि तिला नाव दिले ‘कोह-इ-नूर’. आपल्याकडून विलायतेला गेलेल्या हिऱ्याचे नाव! पुढे पेन्सिल म्हणजे पिवळी, असा संकेतच अनेक देशांत रूढ झाला. आपल्याकडे मुंबईत १९५८ साली हिंदुस्तान पेन्सिल्स ही कंपनी निघाली आणि तिच्या लाल-काळ्या पट्ट्यांच्या ‘नटराज’ने देशी मुलांचे कंपास भरले. कोह-इ-नूर हे नाव व्यापाऱ्याने डौलासाठी दिले असेल. पण त्याच्याही नकळत ते शास्त्राला धरून पडले. १७९७ साली स्मिथसन टेनंट या इंग्रजाने हिरा जाळून त्याचा वायू मोजला आणि हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, हे सिद्ध केले. पेन्सिलीतला कार्बन आणि मुकुटातला कार्बन यांत कणाचाही फरक नाही. फरक आहे तो बैठकीत. हिऱ्यात प्रत्येक अणू चहूबाजूंनी चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. ग्रॅफाइटमध्ये अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळ्यांत सपाट मांडलेले असतात. एका पदरात घट्ट वीण, पण पदर एकमेकांवर नुसते टेकलेले. दिवाळीच्या ताटातला चिरोटा आठवावा. बोट लावले की पदर सुटून येतात. कागदावर पेन्सिल फिरते तेव्हा हेच पदर सुटून कागदाला चिकटतात. कुरकुरणाऱ्या कुलपात किल्लीला पेन्सिल घासून घातली की कुलूप फिरते, तेही यामुळेच. आणि साध्या हवापाण्यात या दोघा भावांपैकी अधिक स्थिर कोण, तर ग्रॅफाइट. हिरा हा ग्रॅफाइट होण्याच्या वाटेवरचा प्रवासी आहे; फक्त त्याची चाल इतकी मंद की, दागिने घालणाऱ्यांनी काळजी करू नये!

ग्रॅफाइटचे लिहिणे हे खरे तर फावल्या वेळचे काम. त्याचा मोठा संसार भट्टीत आहे. सोनार ज्याला मूस म्हणतो, ती ग्रॅफाइट मिसळून केली की उष्णता लवकर पोचते, मूस तडकत नाही आणि धातू तिला चिकटत नाही. टांकसाळी, पितळेचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या यांना ते मोठ्या प्रमाणावर लागे. त्यासाठी जगाची नजर वळली सिंहलद्वीपाकडे. तेथले ग्रॅफाइट खडकाच्या भेगांत शिरांसारखे, अत्यंत शुद्ध मिळते. एकोणिसाव्या शतकात आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याला अतोनात मागणी आली. स्वतंत्र सिलोनचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या घराण्याची संपत्ती याच खाणींतून उभी राहिलेली. आपल्या देशातही ओरिसा, झारखंड, तमिळनाडू या भागांत ग्रॅफाइट आहे. १८९६ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन याने ते विजेच्या भट्टीत कृत्रिम रीतीने बनवण्याचे पेटंट घेतले.

आणि आता या पदार्थाच्या चरित्रातला सर्वांत गंभीर प्रसंग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी युरेनियमच्या अणूतून ऊर्जा मिळवण्याची खटपट चालू होती. त्यासाठी सुसाट सुटणाऱ्या न्यूट्रॉन कणांना धिमे करणारा पदार्थ हवा. आणि ग्रॅफाइट त्याला योग्य, असे गणित सांगे. हायडेलबर्ग येथे वाल्टर बोथे या थोर शास्त्रज्ञाने १९४१ च्या आरंभी ग्रॅफाइटची परीक्षा घेतली. निष्कर्ष निघाला, ग्रॅफाइट न्यूट्रॉन गिळते, उपयोगाचे नाही. अमेरिकेतही पहिल्या मोजणीत खोट दिसलीच होती; पण लिओ झिलार्डला संशय आला की, हा दोष ग्रॅफाइटचा नसून त्यात लपलेल्या बोरॉनचा आहे. बोरॉन इतके अधाशी की, लाखांत काही कण असले तरी सारा डाव फिसकटतो. त्याने कारखानदारांच्या मागे लागून बोरॉन काढलेले ग्रॅफाइट मिळवले. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या सज्जाखाली एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साडेतीनशे टनांहून अधिक ग्रॅफाइटच्या विटा रचून पहिली अणुभट्टी चालू केली. विटा कापणारे लोक कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे काळे होऊन घरी जात. इकडे जर्मन नॉर्वेतल्या जड पाण्यावर विसंबून राहिले. नॉर्वेच्या शूर तरुणांनी १९४३ मध्ये तो कारखाना उडवला आणि १९४४ मध्ये जड पाणी नेणारी बोट सरोवरात बुडवली. तीत त्यांचेच काही निरपराध देशबांधवही गेले. जर्मनीला बॉम्ब न मिळण्याची कारणे अनेक होती, सारे श्रेय चिमूटभर बोरॉनला देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण हिटलरच्या हाती अणुभट्टी लवकर पडली असती, तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्याच ग्रॅफाइटची दुसरी बाजू जगाने २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलला पाहिली. तेथली भट्टी ग्रॅफाइटचीच होती, आणि फुटल्यावर त्याचे तप्त तुकडे भोवती विखुरले. ते विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे लोक परत फिरले ते मरणाची शिदोरी घेऊन.

२००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साधी चिकटपट्टी घेऊन आमच्या चिरोट्याचे पदर सोडवायला सुरुवात केली आणि सोडवता सोडवता अणूएवढ्या जाडीच्या एकाच पदरापर्यंत पोचले. त्या पदराला म्हणतात ग्राफीन. २०१० चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

घरातल्या मिक्सरची मोटर दुरुस्त करणारा जे ‘कार्बन’ बदलून देतो, त्यातही पुष्कळदा ग्रॅफाइटच असते. आणि आपल्या खिशातल्या फोनमध्ये, रस्त्यावर धावणाऱ्या विजेच्या गाडीत जी बॅटरी असते, तिच्या एका टोकाला ग्रॅफाइटच्या पदरांतच लिथियमचे कण येऊन बसतात आणि काम पडले की उठून जातात. या मालाचा मोठा व्यापार चीनच्या हाती आहे. तेलासाठी जसे देश एकमेकांकडे पाहू लागले, तसे आता ग्रॅफाइटसाठी पाहू लागले आहेत, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. अशा एका बॅटरीत लिथियमपेक्षा ग्रॅफाइटचे वजन कितीतरी अधिक भरते. तरी लोक तिला म्हणतात लिथियमची बॅटरी. पूर्वी शिशाचे नाव चालले, आता लिथियमचे चालते.